कारण: आहे

गावच्या दूध संस्थेचा हिशेब बघणाऱ्या माझ्या मामांच्या एक्सेल शीटमध्ये मी एक कॉलम वाढवून दिला होता. डोक्यावर लिहिलं होतं 'कारण'. ज्या सभासदाची उचल किंवा पशुखाद्याचे पैसे दुधाच्या या पगारातून कापायचे नाहीत, त्याच्या नावासमोर थोडक्यात कारण टाकायचं. म्हणजे मी पायथॉनमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट, एक छोटा प्रोग्रॅम, ती कपात सोडून पुढे जाईल आणि उद्या कुणी विचारलं तर उत्तरही हाताशी राहील. पुढच्या पगाराची फाईल व्हॉट्सॲपवर आली. कॉलम इमानेइतबारे भरलेला होता. प्रत्येक ठिकाणी एकच शब्द: 'आहे'. कारण: आहे. कारण: आहे. खाली एका ठिकाणी 'आहेच'. मी आधी हसले, मग फोन लावला. "मामा, हे काय लिहिलंय तुम्ही?" तर म्हणाले, "तूच म्हणालीस न्हवं, रिकामं ठिवायचं न्हाई म्हणून." पलीकडे काट्यावर कॅन आदळल्याचा आवाज आला, कुणीतरी मामांना "आप्पा, फॅट बघा की" म्हणालं आणि फोन बंद झाला.

खरं तर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. माझी ओळ एवढंच तपासत होती, की तो सेल रिकामा आहे का. रिकामा नसेल तर कपात शून्य. तिथे 'म्हैस आटली' लिहा, 'नवऱ्याचं ऑपरेशन' लिहा नाहीतर 'आहे' लिहा, पायथॉनला सगळं सारखंच. मामांनी कोड न वाचता कोड बरोबर ओळखला होता. तरीही ते 'आहे' मला बरेच दिवस टोचत राहिलं. मी पुण्यात दिवसभर हेच काम करते, लोकांच्या विस्कटलेल्या शीटांना शिस्त लावायचं. ऑफिसात कुणी कारणाच्या जागी 'आहे' लिहिलं असतं तर मी त्या ओळीवर लाल रंग मारून फाईल परत पाठवली असती आणि विसरून गेले असते.

मामा भोगावतीच्या काठावरच्या एका गावात दूध संस्थेचे सचिव आहेत. माझ्या आठवणीतली संस्था म्हणजे देवळामागची एक खोली, ओली फरशी आणि एक विचित्र, नाकात चढणारा वास. फॅट तेव्हा गर्बर पद्धतीने काढायचे. काचेच्या जाड नळीत दहा मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर १०.७५ मिली दूध, वर एक मिली अमाईल अल्कोहोल, मग बूच मारून नळ्या हाताने फिरवायच्या यंत्रात. आम्हा मुलांना त्या खोलीत यायला बंदी होती, म्हणून आम्ही दारात उभे राहायचो. नळी उजेडाकडे धरून मामा डोळे बारीक करायचे आणि आकडा बोलायचे, शेजारी बसलेला माणूस तो रजिस्टरात उतरवायचा. 'सहा पाच.' 'सात.' आकडा ऐकून दारातल्या बाईचा चेहरा बदलायचा, तो मला अजून दिसतो. लाल रेघांचं ते रजिस्टर इतकं लांब होतं, की उघडलं की टेबलाच्या दोन्ही बाजूंना लोंबायचं.

आता यंत्रात दूध ओतलं, की फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर आणि रक्कम चिठ्ठीवर छापूनच येते. म्हशीचं ६.० आणि ९.०, गाईचं ३.५ आणि ८.५ हे पायाचे आकडे धरून दराचा तक्ता त्या यंत्रात भरलेला असतो. पण यंत्राचं काम तिथे संपतं. दर दहा दिवसांनी पगार होतो. त्यात दुधाच्या रकमेतून पशुखाद्याची पोती, मागची उचल, पतसंस्थेचा हप्ता, डॉक्टरची फी, असलं सगळं वजा करून हातात किती पडणार हे मामा एक्सेलमध्ये काढतात. महिन्याला तीन पगार, वर्षाला छत्तीस. म्हणजे छत्तीस फाईली. आणि दिवाळीच्या तोंडावर या छत्तीस फाईलींतून प्रत्येक सभासदाने वर्षभरात किती दूध घातलं ते जमवून दराचा फरक, म्हणजे वर्षाखेरीस दुधामागे मिळणारी जादा रक्कम, वाटायचा. फरकाच्या हिशेबाची रात्र आमच्या आजोळी लहानपणापासून प्रसिद्ध आहे. मामी चहाचं पातेलं गॅसवरून उतरवतच नसत. एक जण वाचायचा, दुसरा लिहायचा, तिसरा कॅल्क्युलेटर बडवायचा आणि पहाटे कुणाचं तरी चाळीस लिटर कमी भरायचं.

मी म्हणाले, मामा, हे मी करून देते. छत्तीस फाईली एका फोल्डरमध्ये टाका, पुढचं पांडाज बघेल. "कोण?" असं त्यांनी विचारलं. वेस मॅकिनी नावाच्या माणसाने २००८ साली लिहायला घेतलेली ही पायथॉनची लायब्ररी, तो तेव्हा पैशाच्या गुंतवणुकीच्या धंद्यात होता, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण मामांना तेवढ्यात बाहेर बोलावणं आलं.

ज्याने दुसऱ्याची शीट कधी उघडली नाही त्याला वाटतं, की अशा कामात अवघड भाग म्हणजे कोड. कोड चार ओळींचा असतो. फोल्डरमधल्या फाईली गोळा करा, वाचा, एकाखाली एक जोडा, सभासद क्रमांकावर बेरीज करा. वेळ जातो तो माणसं समजून घेण्यात. एका फाईलचं नाव 'पगार जून १', दुसरीचं 'जून दुसरा', तिसरीचं 'जून फायनल', चौथीचं 'जून फायनल खरा'. कुठे 'स.नं.', कुठे 'खाते', कुठे 'सभासद क्र.' आणि एका फाईलीत त्या कॉलमला नावच नाही, कारण काय आहे ते सगळ्यांना माहीतच आहे. डावीकडे गल्लीचं नाव आठ-दहा ओळी एकत्र जोडून उभं लिहिलेलं. ते वाचताना पांडाजला फक्त पहिल्या ओळीत गल्ली सापडते, बाकीचे बेघर. सगळ्यात खाली 'एकूण' अशी ओळ, तीही सभासद समजून बेरजेत घेतली तर गावाचं दूध दुप्पट. जुन्या काही फाईलींत नावं श्रीलिपी या जुन्या धर्तीच्या फाँटात टाईप केलेली. पडद्यावर फाँट असेपर्यंत ती मराठी दिसतात, स्क्रिप्टने वाचली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता पाचोळा. आणि 'कुऱ्हाडे' या आडनावाने तर माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली. त्यातला 'ऱ्हा' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या यादीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. डोळ्यांना तंतोतंत सारखा, संगणकाला दोन वेगळी माणसं.

तारखांचं दुखणं तर जगाचं आहे. संगणक अमेरिकी पद्धतीवर बसवलेला असेल तर पाच जून लिहिलेलं एक्सेल सहा मे समजतं, आणि पंधरा जूनला महिना सापडत नाही म्हणून ते तसंच मजकूर म्हणून ठेवून देतं. म्हणजे प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस वर्षभर विखुरतात, उरलेले जागेवर राहतात. आत तर तारीख हा नुसता आकडा असतो. १ जानेवारी १९०० म्हणजे एक, तिथून मोजत १ जानेवारी २०२४ म्हणजे ४५२९२. या मोजणीत साठावा दिवस २९ फेब्रुवारी १९०० असा येतो, जो कॅलेंडरात कधी उगवलाच नव्हता. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममध्ये ती चूक होती. त्याच्या फाईली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून उचलली, आणि आता ती काढली तर जगभरचे हिशेब एका दिवसाने सरकतील म्हणून कुणी हात लावत नाही. ही हकिकत मात्र मामांनी थांबून, नीट ऐकली. म्हणाले, "मागच्याचा मेळ बसावा म्हणून चूक पुढं वढायची. आमच्याकडंबी असंच असतंय."

पण ज्या गोष्टीने मी खरी अडले ती पिवळी होती.

मामांच्या प्रत्येक शीटमध्ये कपातीच्या कॉलममधले काही सेल पिवळे असतात. पिवळा म्हणजे: हे पैसे येणं आहे, पण या खेपेला कापायचे नाहीत. हे कुठे लिहिलेलं नाही. पगार काढताना मामा पिवळ्यावर आले, की तेवढा आकडा हाताने वजाबाकीतून गाळतात. पांडाजला रंग दिसतच नाही. तो फक्त आत काय लिहिलंय ते वाचतो. रंग बघायचा तर ओपनपायएक्सएल नावाची दुसरी लायब्ररी लागते. तीही जुन्या एक्सएलएस फाईली घेत नाही, म्हणून सगळ्या फाईली आधी लिब्रेऑफिस या एक्सेलसारख्याच प्रोग्रॅमकडून नव्या रूपात बदलून घेतल्या. मग प्रत्येक सेलला विचारायचं, बाबा तुझा रंग काय? उत्तरात एफ या अक्षराची माळ आणि शेवटी दोन शून्यं आली, की तो पिवळा. हे चाललं, पण काही ओळींत वेगळाच कोड निघाला. एक फिकट पिवळाही होता. तो कशासाठी, म्हणून विचारलं तर मामा म्हणाले, "तो पिवळा न्हवं. तो ह्या पोराचा पिवळा." काट्यावर बसणारा मुलगा कधीकधी शीट भरतो, त्याचा माऊस पॅलेटमधल्या शेजारच्या खान्यावर पडतो, एवढीच त्याची गोष्ट. या रंगांच्या जागी म्हणूनच मी तो 'कारण' कॉलम घातला होता.

डॅन ब्रिकलिन नावाच्या विद्यार्थ्याला हार्वर्डच्या वर्गात ही सगळी शीटची कल्पना सुचली, तेव्हा समोर फळ्यावर प्राध्यापक रकाने मांडत होते. एक आकडा चुकला, की तो पुसून त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे पुसायचे, पुन्हा लिहायचे. आपोआप बदलणारा फळा असता तर, असं त्याला वाटलं. बॉब फ्रँकस्टनबरोबर त्याने १९७९ साली व्हिसिकॅल्क हा शीटचा प्रोग्रॅम आणला, आणि ॲपलचा संगणक लोक केवळ तेवढ्यासाठी विकत घेऊ लागले. मला या गोष्टीतला फळा फार आवडतो. फळ्यावर माणूस कुठेही काहीही लिहू शकतो, कोपऱ्यात बाण काढतो, एखाद्या आकड्याभोवती गोल करतो. शीटने हिशेब आपोआप केला, पण फळ्याचं ते मोकळेपण ठेवलं. म्हणूनच मामांसारख्या माणसाला ती इतकी जवळची वाटली असावी. डेटाबेस तुम्हाला आधी विचारतो, की तुमची माहिती कशी आहे ते सांगा. शीट म्हणते, लिहा, बघू नंतर.

त्या 'नंतर'ची किंमतही मोठी असते. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेतून कोरोनाचे १५,८४१ रुग्ण आठवडाभर आकडेवारीत आलेच नाहीत, कारण माहिती जुन्या एक्सएलएस फाईलीत ओतली जात होती आणि तिच्यात ६५,५३६ ओळींच्या पुढचं मावत नाही. उरलेलं गुपचूप सांडलं. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्या लोकांना निरोप उशिरा गेले. आणि जनुकांवर काम करणाऱ्यांची तर वेगळीच कथा. 'मार्च१' आणि 'सेप्ट१' अशी नावं असलेली जनुकं एक्सेलमध्ये टाकली, की त्यांच्या तारखा व्हायच्या. वर्षानुवर्षं शोधनिबंधांच्या पुरवण्यांत त्या तारखा छापून येत राहिल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नियमच केले, आणि मार्च१ चं मार्चएफ१, सेप्ट१ चं सेप्टिन१ झालं. शीट बदलत नाही म्हटल्यावर शास्त्रज्ञांनी नावं बदलली. आपल्याकडेही २०२४ मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, तेव्हा जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर भरायचे होते. बिल्ल्याचा नंबर बारा अंकी, आणि एक्सेल बारावा अंक दिसला की अख्ख्या नंबरचा '१.००२३५ई+११' करून टाकतं. तशीच फाईल सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाईल, करून पुन्हा उघडली, की शेवटचे अंक कायमचे गेले. मामांच्या संस्थेत त्या दिवसांत कॉलमला आधी 'टेक्स्ट' करायचं हे कार्यकारी मंडळातल्या म्हाताऱ्यांनाही पाठ झालं होतं.

जनुकांची नावं बदलतात, पण मामा 'कारण' लिहीत नाहीत.

मी दिवाळीला गेले तेव्हा विषय काढला. बाहेर अंगणात गुऱ्हाळाचा वास येत होता, मामी चकल्या तळत होत्या, त्यामुळे मामा जरा सैल होते. मी म्हणाले, निदान दोन शब्द तरी लिहा. ते म्हणाले, "ती फाईल कुठं कुठं जात्या, तुला म्हाईत हाय. पोराच्या फोनात हाय, ऑडिटरकडं हाय, संघाच्या सुपरवायझरकडं हाय. आन् त्यात मी लिहू, की अमक्याचा पोरगा दवाखान्यात हाय, तमकीला नवऱ्यानं टाकलीया? पैसं कापायचं न्हाईत एवढंच माझं काम. बाकीचं तिच्या घरचं हाय." मला यावर बोलता येईना. ऑफिसात आम्ही लोकांची खासगी माहिती कशी जपायची यावर दर वर्षी एक प्रशिक्षण घेतो, शेवटी प्रश्नमंजुषा असते. मामा त्यात पहिले आले असते.

पण दुसरं मनही गप्प बसत नव्हतं. नियमाने बघायचं तर वसुली थांबवणं हा संचालक मंडळाच्या ठरावाचा विषय. सचिवाच्या माऊसवर ते सोपवलेलं नाही. आज मामा आहेत, उद्या दुसरा कुणी असेल आणि त्याचा पिवळा फक्त भावकीपुरता असेल. शीटमध्ये विधवेची दया आणि पाहुण्याची सोय दोन्ही एकाच रंगाची दिसतात. मला मामांबद्दल शंका नव्हती असं लिहायला हात पटकन वळतो, पण थोडी होती. आजोळ म्हणजे काय, नुसती मामांची भलाई थोडीच. तिथे गट आहेत, निवडणुका आहेत, कुणाच्या पॅनेलला कुणी मत दिलं याचा हिशेब रजिस्टराशिवाय पाठ असणारी माणसं आहेत.

छत्तीस फाईली एका जागी आल्यावर हा प्रश्न विचारणं फार सोपं होतं, तेच थोडं भयंकर आहे. पांडाजला ग्रुपबाय, म्हणजे गट पाड, म्हणायचं, सभासद क्रमांक द्यायचा, पिवळ्यांची रक्कम जमवायची, उतरत्या क्रमाने लावायची. हाताने हे करायला जी रात्र लागली असती ती लागत असल्यामुळेच आजवर कुणी केलं नव्हतं. मी केलं. यादीत वरची काही नावं मला ओळखता आली आणि त्यांची दुःखंही. गावात ती सगळ्यांना माहीत असतात. एक नाव धाकट्या मामांचं निघालं. दोन-तीन नावं अशी, की त्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे, बंगला आहे, अडचण काही दिसत नाही.

यादी छापून मामांपुढे ठेवली. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवत वाचू लागले आणि चौथ्या-पाचव्या नावावर थबकले. "हा अजून पिवळाच हाय?" मग कळलं ते असं. नवा पगार आला, की मामा मागची फाईल कॉपी करतात, दुधाचे आकडे बदलतात. रंग आपोआप पुढे येतो. दोन पावसाळ्यांपूर्वी एकाची म्हैस वीज पडून मेली, म्हणून एका महिन्यापुरती थांबवलेली कपात आजपर्यंत पिवळी होती. त्याने नवी म्हैस घेऊन, तिचं दूध घालून, तिचं रेडकूही विकलं होतं. ट्रॅक्टरवाल्याचंही तसंच. म्हणजे मी ज्याला मामांचा निर्णय समजत होते, त्यातला बराचसा नुसता कंट्रोल सी, कंट्रोल व्ही होता. आणि ज्यांना फायदा होत होता ते आपणहून सांगायला येणार नव्हते. धाकट्या मामांच्या नावावर मात्र ते थांबले नाहीत, बोट सरळ खाली सरकलं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मामींनी तेवढ्यात चकल्यांची ताटली आणून ठेवली.

शेवटी आम्ही तोड काढली ती अशी. 'कारण' कॉलम गेला. स्क्रिप्ट आता दर तिसऱ्या पगाराला, म्हणजे महिन्यातून एकदा, सगळे पिवळे सेल पांढरे करून टाकते आणि त्यांची यादी वेगळ्या शीटवर छापते. ज्यांचं थांबवायचं त्यांना मामांनी पुन्हा हाताने पिवळं करायचं. का, ते लिहायचं नाही. पण हात पुन्हा उचलावा लागेल. मामांना हे पटलं, आणि मला वाटतं थोडं आवडलंही. पहिल्या महिन्यात त्यांनी यादी घेऊन अख्खी दुपार घालवली, दोघातिघांना फोन करून म्हशीची चौकशी केली. माझी स्क्रिप्ट वेळ वाचवते असं मी सगळ्यांना सांगत असते. इथे तिने उलट एक काम वाढवलं.

काट्यावर बसणाऱ्या मुलाला मामांनी माझ्या गळ्यात मारलं, "ह्याला शिकव." मुलगा कोल्हापूरला बी.कॉम. झालेला, हुशार. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलला देवनागरी नाव देता येतं हे त्याने स्वतःच शोधून काढलं, आणि माझी सगळी इंग्रजी नावं पुसून तिथे उचल, कपात, थकबाकी, पेंड अशी नावं घातली. 'इफ' आणि 'फॉर' तेवढे इंग्रजीत उरलेत, ते बदलता येत नाहीत याचं त्याला वाईट वाटतं. परवा त्याने फाईल पाठवली ती मी जुन्या प्रतीशी लावून बघितली. एक नवी ओळ होती. एका ठरावीक सभासद क्रमांकाला तिसऱ्याऐवजी सहाव्या पगाराला पांढरं करायचं. नंबर धाकट्या मामांचा नव्हता, मी आधी तेच बघितलं. ओळीच्या शेवटी त्याने टिपणी टाकली होती: 'आप्पा म्हणाले'. ऑडिटरने उद्या ही ओळ दाखवून विचारलं तर उत्तर सचिवांनी द्यायचं, मुलाने द्यायचं की मी पुण्याहून यायचं, यावर आमच्यात सध्या एकमत नाही.